नाकाबंदीवरचा माणूस : तुकाराम ओंबळे



आपल्या सातारा जिल्ह्याशी नाते असलेल्या एका दिवंगत व्यक्तीविषयी या स्मरणिकेत लिहावे, असे संपादक मंडळाने मला सांगितले. आपल्याकडे नावांची उणीव नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही कर्मभूमी, कराड यशवंतरावांचे, गोळेश्वर खाशाबा जाधवांचे. शाळेत असताना जयंती-पुण्यतिथीला आपण यांच्यावर भाषणे पाठ केली आणि अर्ध्यावर विसरलोही. तेव्हा मीही त्यांच्यापैकीच कुणाला तरी निवडणार होते. पण मध्येच एक छोटी गोष्ट घडली आणि विषय बदलला.

स्मरणिकेसाठी सगळ्यांची माहिती गोळा करायचे काम माझ्याकडे होते. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून तक्ता मीच केला. नाव, गाव, शिक्षण, व्यवसाय, आणि शेवटी एक रकाना: उल्लेखनीय कामगिरी. कुणी तिथे कंपनीतले पद लिहिले, कुणी परदेशातली वर्षे, कुणी मुलांचे गुण. आपल्या वर्गातला एक जण मुंबई पोलिसात हवालदार आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षे नोकरी झाली. त्याने बाकी सगळे रकाने नीट भरले आणि शेवटच्या रकान्यात एक आडवी रेघ मारून पाठवली.

ती रेघ पाहून मला तुकाराम ओंबळे आठवले. २६ नोव्हेंबर २००८च्या दुपारी त्यांना हा तक्ता कुणी दिला असता, तर त्यांनीही बहुधा तिथे रेघच मारली असती.

ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आपल्यापैकी जे मेढ्याच्या बाजूने ये-जा करतात त्यांना तो मुलूख माहीत आहे. डोंगर, धो धो पाऊस, भात आणि नाचणीची तुकड्या-तुकड्यांची शेती. इतिहासाच्या पुस्तकात जावळी म्हटले की चंद्रराव मोरे आणि शिवाजी महाराज. पण गेल्या शंभर वर्षांतली जावळी म्हणजे मुंबईला गेलेल्या माणसांचा तालुका. कुणी गिरणीत, कुणी माथाडीत, कुणी गोदीत. गावाकडे घर, आईबाप, थोडी जमीन आणि गणपतीला यायची ओढ. शिवाय आपल्या जिल्ह्याची जुनी वाट फौजेची. अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक मिलिटरी हा शब्द लावतात तो उगाच नाही. जावळीच्या पोराने एक तर मुंबई गाठायची किंवा पलटण. ओंबळ्यांनी दोन्ही केले.

सैन्यात ते सिग्नल कोअरमध्ये होते. सिग्नल म्हणजे निरोपाचे दळणवळण. तारा टाकायच्या, बिनतारी संच चालू ठेवायचे, एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी बिनचूक पोचवायचा. या दलाचे ब्रीद दोन शब्दांचे आहे, तीव्र चौकस. मी नेटवर्कच्या क्षेत्रात काम करते, म्हणून मला या कामाचे स्वरूप थोडेफार कळते. निरोप वेळेवर पोचला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. न पोचला तर सगळे तुमच्याकडे बोट दाखवतात. ओंबळे तिथून नाईक म्हणून निवृत्त झाले.

नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती. फौजेतला माणूस निवृत्त होऊन गावी आला की त्याला मान असतो. पेन्शन घेऊन शेती पाहावी, सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहावे, संध्याकाळी पारावर सीमेवरच्या गोष्टी सांगाव्यात, असे आयुष्य सहज जगता येते. ओंबळे १९९१मध्ये मुंबई पोलिसात भरती झाले, शिपाई म्हणून. दोन फिती उतरवून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहिले. आपल्यातले जे नोकरी बदलताना पद एक इंचही खाली येऊ देत नाहीत, आणि त्यात मीही आले, त्यांनी या एका गोष्टीचा क्षणभर विचार करावा.

पुढची सतरा वर्षे वर्तमानपत्रात येण्यासारखी नाहीत. पोलीस शिपायाच्या नोकरीत बहुतेक वर्षे तशीच असतात. बंदोबस्त, गस्त, कोर्टात आरोपी नेणे-आणणे, पंचनाम्याला उभे राहणे, गणपतीत चोवीस-चोवीस तास रस्त्यावर. सणाला सगळी मुंबई घराबाहेर पडते आणि पोलिसाचे घर त्याच्याविना जेवते. त्यांच्या घरी पत्नी ताराबाई आणि चार मुली होत्या. शिपाई, नाईक, हवालदार या क्रमाने वर चढत ओंबळे सहायक पोलीस उपनिरीक्षक झाले. आपल्याकडे त्याला सहायक फौजदार म्हणतात. अंमलदारांमधले हे सगळ्यांत वरचे पद. त्याच्यावर उपनिरीक्षक, तिथून अधिकारी सुरू होतात. बहुतेक शिपाई सगळी नोकरी करून फार तर इथपर्यंत येतात. ओंबळ्यांची नेमणूक डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात होती. ग्रँट रोड, ऑपेरा हाउस, गिरगाव चौपाटी हा त्या ठाण्याचा परिसर.

आता त्या रात्रीकडे येते. आपल्या सगळ्यांना ती आठवते. मी तेव्हा पुण्यात रात्रपाळीला होते. ऑफिसच्या कँटीनमधला टीव्ही लावून आम्ही दहा-बारा जण उभे होतो आणि सुरुवातीला सगळ्यांना वाटत होते की हे टोळीयुद्ध आहे.

कराचीहून समुद्रमार्गे निघालेले दहा जण वाटेत कुबेर नावाची मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबईजवळ आले होते. रबरी होडीतून ते कफ परेडला बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले आणि दोन-दोनच्या जोड्यांनी शहरात पसरले. त्यातली एक जोडी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेली. इस्माईल खान आणि अजमल कसाब. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या, बोचकी उशाला घेऊन आडव्या झालेल्या माणसांवर त्यांनी गोळीबार केला. तिथून ते कामा रुग्णालयात शिरले. रुग्णालयाशेजारच्या गल्लीत त्यांनी पोलिसांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या आणि हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे तीन अधिकारी व त्यांच्याबरोबरचे शिपाई मारले गेले. त्याच गाडीत बसून ते दोघे निघाले. गाडीत मागे सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली अरुण जाधव हे जखमी पोलीस जिवंत होते, हे त्यांना कळले नाही. पुढे टायर फुटल्यावर त्यांनी ती गाडी सोडली आणि विधानभवनाच्या परिसरात बंदुकीच्या धाकाने एक स्कोडा पळवली. जाधवांनी त्या अवस्थेत बिनतारी संचाशी पोचून कळवले. अतिरेकी स्कोडातून चौपाटीच्या दिशेने येत असल्याचा निरोप नियंत्रण कक्षाकडून नाक्यांवर गेला.

इथे मी नेहमी थांबते. सिग्नल कोअरमधून आलेला एक माणूस चौपाटीवर उभा आहे आणि त्याच्यापर्यंत एक निरोप पोचतो आहे. त्या रात्री मुंबईत कितीतरी निरोप अर्धवट, चुकीचे किंवा उशिरा पोचले. हा पोचला.

गिरगाव चौपाटीला विनोली चौकीजवळ डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी नाकाबंदी लावली होती. नाकाबंदी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लोखंडी अडथळे, मध्ये एक गाडी जाईल एवढी फट, हातात विजेरी घेतलेला पोलीस. आपण काच खाली करतो, तो आत डोकावतो, जा म्हणतो. शंभरातल्या शंभर वेळा काही निघत नाही. रात्रभर असे उभे राहायचे आणि काही निघणार नाही हे माहीत असूनही प्रत्येक गाडी पहिलीच असल्यासारखी पाहायची, हे त्या कामातले खरे कष्ट आहेत. काही अधिकाऱ्यांकडे पिस्तुले होती. ओंबळ्यांच्या हातात काठी होती.

मध्यरात्र उलटून गेली होती. स्कोडा आली आणि अडथळ्यांच्या अलीकडेच काही अंतरावर थांबली. दिवे प्रखर ठेवलेले. पुढच्या काचेवर पाण्याचा फवारा आणि वायपर चालू, आतले चेहरे दिसू नयेत म्हणून. पोलिसांनी दिवे बंद करायला सांगितले. चालकाने गाडी एकदम वळवून परत फिरायचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकावर अडकली. गोळीबार झाला. गाडी चालवणारा इस्माईल गोळ्या लागून कोसळला. शेजारी बसलेला कसाब शरण येत असल्यासारखा वाटला. पोलीस डाव्या दरवाजाकडे धावले. त्याने एके-४७ उचलली आणि त्याच क्षणी ओंबळ्यांनी पुढे होऊन बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली.

नळी धरणे म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. एके-४७ ही मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या झाडू शकणारी रायफल. घोडा दाबलेला असेल तर नळी सेकंदांत हात भाजेल एवढी तापते. पण ती नळी जोवर एका माणसाच्या दोन हातांत आहे आणि तिचे तोंड त्याच्या पोटाला लागले आहे, तोवर ती दुसऱ्या कुणाकडे वळत नाही. कसाबने घोडा दाबला. गोळ्या ओंबळ्यांच्या पोटात शिरल्या. शेजारी आलेले सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागून दुखापत झाली. ओंबळ्यांनी पकड सोडली नाही. मागून आलेल्या सहकाऱ्यांना तेवढा वेळ मिळाला. त्यांनी काठ्यांनी कसाबला खाली पाडले आणि बंदूक हिसकावून घेतली. ओंबळे वाचले नाहीत.

या प्रसंगाची चित्रे, चित्रपट, भाषणे पुष्कळ झाली. पण त्यातला एक भाग मला कमी सांगितला गेलेला वाटतो. आपला सहकारी डोळ्यांसमोर कोसळलेला, शहर जळते आहे, अधिकारी मारले गेल्याच्या बातम्या येताहेत, आणि मारणारा पायाशी पडला आहे. त्या पोलिसांनी त्याला बदडले, पण ठार मारले नाही. बेड्या घालून रुग्णालयात नेले. नायर रुग्णालयात खाटेवर असतानाच त्याची चौकशी सुरू झाली. ओंबळ्यांनी त्याला धरले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला जिवंत ठेवले. या दोन गोष्टी मिळून ते काम पुरे झाले.

जिवंत पकडल्याने काय मिळाले, हे सांगण्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहिते आहे.

आमच्या कामात एखादी मोठी यंत्रणा मध्यरात्री कोलमडते तेव्हा सकाळी सगळ्यांकडे मते असतात. हा म्हणतो नेटवर्कची चूक, तो म्हणतो डेटाबेसची. ज्याच्याकडे नोंदी असतात, ज्याला आम्ही लॉग म्हणतो, त्याचेच म्हणणे शेवटी टिकते. नोंदी पुसल्या गेल्या असतील तर वाद वर्षानुवर्षे चालतो आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. दहा हल्लेखोरांपैकी नऊ मेले. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमधला गोळीबार थांबला तेव्हा १६६ निरपराध माणसांचा जीव गेला होता, आणि हे कुणी, कुठून, कसे केले हे सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता.

तो उरला नसता तर काय झाले असते? कसाब आणि इस्माईल यांच्यापाशी हैदराबादच्या महाविद्यालयाची खोटी ओळखपत्रे होती, हिंदू नावांची. दोघेही चौपाटीवर मेले असते तर त्या कार्डांवरच्या नावांनी काय काय अफवा उठल्या असत्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे कशा नजरेने पाहिले असते, याचा विचार करवत नाही. पाकिस्तानने सुरुवातीला हा आपला नागरिक असल्याचे नाकारले. जानेवारी २००९मध्ये ते मान्य करावे लागले. तो ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोट गावचा होता, कुणी शिकवले, कसे पाठवले, कोणती नौका, कोणता मार्ग, हे सगळे उलगडले. कुबेरवर जीपीएस यंत्र आणि उपग्रह फोन मिळाला. हल्ला चालू असताना सीमेपलीकडून मिळणाऱ्या सूचनांचे संभाषण ध्वनिमुद्रित झाले होते. यंत्रांनी दिलेला पुरावा आणि माणसाने दिलेला जबाब एकमेकांना जुळले. अभियंता म्हणून मला ठाऊक आहे, नुसते यंत्र कधी पुरत नाही. आकड्यांचा अर्थ सांगणारे कुणीतरी लागते.

मग खटला झाला. यावर तेव्हा पुष्कळ लोक चिडले होते. एवढे डोळ्यांनी पाहिले असताना खटला कशाला, याच्या जेवणावर आणि बंदोबस्तावर खर्च कशाला, हे मी आमच्या ऑफिसातही ऐकले आणि खोटे कशाला सांगू, तेव्हा मलाही तसेच वाटे. त्याचे वकीलपत्र घ्यायला कुणी पुढे येईना. न्यायालयाने त्याला वकील दिला. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभे राहिले, न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी, सरकारी वकील उज्ज्वल निकम. आरोपपत्र ११,०००हून अधिक पानांचे. सहाशेहून अधिक साक्षीदार. त्यांत पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन आली आणि तिने भर न्यायालयात कसाबला ओळखले. चौपाटीवरच्या पोलिसांनी येऊन ओंबळ्यांनी काय केले ते शपथेवर सांगितले. म्हणजे ओंबळ्यांची कहाणी आज आपण सांगतो ती दंतकथा म्हणून नाही. ती न्यायालयाच्या नोंदीत आहे, उलटतपासणीला तोंड देऊन टिकलेली.

३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला, ६ मे रोजी फाशीची शिक्षा झाली. आणि त्याच निकालात, कट केल्याचा आरोप असलेले दोन भारतीय पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एवढ्या संतापाच्या काळात, तुरुंगाच्या आवारात भरलेल्या न्यायालयाने पुरावा नाही म्हणून दोघांना सोडले. उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ला आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ला फाशी कायम केली, आणि ती सुटकाही कायम ठेवली. २१ नोव्हेंबर २०१२च्या सकाळी येरवड्यात कसाबला फाशी झाली. जगापुढे आपला देश मान वर करून सांगू शकला की आम्ही सूड घेतला नाही, न्याय केला. हे बोलण्याचा हक्क देशाला कुणी मिळवून दिला, तर चौपाटीवरच्या एका सहायक फौजदाराने आणि त्याच्या सोबत्यांनी.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शांततेच्या काळातला हा सर्वोच्च शौर्य सन्मान. करकरे, कामटे, साळसकर यांनाही त्याच दिवशी मिळाला. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ताराबाईंनी तो स्वीकारला. आयपीएस अधिकाऱ्यांच्या रांगेत शिपायापासून सुरुवात केलेल्या माणसाचे नाव त्याच मानाने घेतले गेले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा राहिला. मुंबईला गेलात तर समुद्राकडे वळण्याआधी दोन मिनिटे तिथे थांबा. केडंब्यात त्यांच्या स्मारकासाठी राज्य सरकारने २०२५मध्ये निधी मंजूर केला आहे.

एक सन्मान मात्र फार जणांना माहीत नसेल. २०२१मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला ओंबळ्यांचे नाव दिले, आयसियस तुकारामी. हा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. हे कोळी भक्ष्यासाठी जाळे विणून बसत नाहीत. समोर पाहतात, अंदाज घेतात आणि झेप घेऊन पकडतात. आपल्या जीवशास्त्राच्या बाईंना हे वाचून आनंद होईल. पुतळ्याला कुणी हार घालो न घालो, जगात कुठेही त्या जातीचा अभ्यास होईल तेव्हा तुकाराम हे नाव लिहावेच लागेल.

तरीही नुसता गौरव करून थांबणे मला पटत नाही. समोर एके-४७ येणार हे कळले असताना आपल्या माणसाच्या हातात काठी होती, ही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही. हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान समिती नेमली, पोलिसांची सज्जता कुठे कमी पडली याची चौकशी झाली, फोर्स वन हे विशेष दल उभारले गेले, केंद्रात राष्ट्रीय तपास संस्था आली. हे झाले ते बरे झाले. पण आपण नागरिक म्हणून शौर्याच्या गोष्टी ऐकताना ही दुसरी बाजू विसरतो. वीर पुरुष मिळाला की व्यवस्थेला प्रश्न विचारायचे आपण सोडून देतो. ओंबळ्यांना खरा मान द्यायचा तर पुढच्या ओंबळ्यांना दोन हातांशिवाय दुसरे काहीतरी हाती असले पाहिजे. अंगावर चिलखत असले पाहिजे, पोलीस वसाहतीतल्या घराचे छत गळता कामा नये आणि आठवड्याची सुट्टी कागदावर न राहता खरोखर मिळाली पाहिजे.

ओंबळ्यांच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिले की मला ते एका रात्रीचे वाटत नाही. सिग्नलमधली वर्षे आणि पोलिसातली सतरा वर्षे ते तेच करत आले होते. जागेवर राहणे, निरोप ऐकणे, समोर आलेली गाडी पाहणे. त्या रात्री काय करायचे हे ठरवायला त्यांना सेकंदभरही मिळाला नसेल. एवढ्या थोड्या वेळात माणूस नवे काही ठरवत नाही. जन्मभर जे करत आला तेच त्याच्या हातून होते. आपल्या सरांनी प्रयोगवहीत तारीख घातली नाही म्हणून पाने परत केली, बाईंनी शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी शब्द दहादा लिहायला लावला. तेव्हा कंटाळा यायचा. हे कशासाठी होते ते आता थोडे थोडे कळते आहे.

आता त्या रेघेकडे. आपल्या हवालदार मित्राला मी फोन केला. रेघ का मारलीस असे काही विचारले नाही, इकडचे तिकडचे बोललो. २००८च्या त्या तीन दिवसांत तोही मुंबईतच ड्युटीवर होता, हे मला इतक्या वर्षांनी, बोलता बोलता कळले. कुठे होता, काय पाहिले, हे त्याने फारसे सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही. घरी चार दिवसांनी गेलो, एवढेच म्हणाला. इतकी वर्षे आपण एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहोत. दर २६ नोव्हेंबरला मेणबत्तीचे चित्र टाकतो. आणि आपल्यातलाच एक जण त्या रात्री रस्त्यावर होता, हे आपण त्याला कधी विचारलेच नाही.

तेव्हा या स्मरणिकेतल्या माहितीच्या पानाबद्दल सांगते. तक्त्यातला तो शेवटचा रकाना मी काढून टाकला आहे. ज्यांनी तो आवडीने भरला होता त्यांची मी माफी मागते. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावापुढे तो किंवा ती काय काम करते आणि किती वर्षे करते, एवढेच छापले आहे. त्यात आपले चौघे पोलीस आहेत, दोघी परिचारिका आहेत, एक एसटीचा चालक आहे, एक वीज मंडळातला वायरमन आहे, शेती करणारे अकरा जण आहेत आणि माझ्यासारखे संगणकापुढे बसणारे नऊ आहेत. वर्षांचा आकडा सगळ्यांचा जवळजवळ सारखाच आहे.

मित्रा, रजा मिळाली तर मेळाव्याला ये. नाही मिळाली तर का नाही मिळाली ते आम्ही समजून घेऊ. तुझी खुर्ची पुढच्या रांगेत, आपल्या सरांच्या शेजारी ठेवलेली असेल.